जरा चालून दाखवा

"आजी, या खुर्चीतून उठायचं, समोरच्या लाल पट्टीपर्यंत चालत जायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. घाई करायची नाही. रोज चालता तसंच चाला."

शिरूरच्या दवाखान्यातली फिजिओथेरपीची मॅडम असं म्हणाली आणि मला हसू फुटलं. लकवा मारल्यापासून माझं हसू एकाच बाजूनं फुटतं, त्यामुळं तिला वाटलं मी रडतेय. तिनं खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका आजी, मी आहे ना बाजूला."

घाबरतंय कोण! मला हसू आलं कारण ते वाक्य मुळात माझं होतं. दौंड तालुक्यातल्या कितीतरी पोरींना मी ते ऐकवलंय. फक्त माझ्या तोंडी ते "जरा चालून दाखव गं" असं होतं, आणि समोर लाल पट्टीच्या जागी पाण्याचा माठ असायचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि मालक रेल्वेत. दोन पगारांचं घर, त्यामुळं भावकीत आमच्या शब्दाला वजन. कुणाच्या पोराचं लग्न निघालं की मुलगी बघायला जाताना गाडीत एक जागा माझी. पुरुष मंडळी पोरीच्या बापाशी बोलायची, बाकीच्या बाया रंग बघायच्या, आणि मी चाल बघायची. त्यातली मी तज्ज्ञ. हे पद मला कुणी दिलं हे विचारू नका. माझं मीच घेतलं होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती.

माझी एक खास पद्धत होती. पोरीला आधी पाय धुवून यायला सांगायचं आणि मग त्याच ओल्या पायानं माठातलं पाणी आणायला लावायचं. पाण्याचं नुसतं निमित्त. त्या काळी घरोघरी काळी शहाबादी फरशी. तिच्यावर ओलं पाऊल छाप मारल्यासारखं उमटायचं. मी मान खाली घालून पोहे खाल्ल्यासारखं करायची आणि फरशी वाचायची. टाच जोरात टेकली, हट्टी. चवडा आधी पडला, उतावळी. पाऊल सपाट उमटलं, घराला बरकत नाही. शाळेतल्या पोरांना अंधश्रद्धा निर्मूलन शिकवणारी बाई मी! जयंतीला विहारापुढच्या मांडवात स्त्रीच्या स्वाभिमानावर घसा बसेपर्यंत बोलायची आणि पुढच्या रविवारी बसलेला घसा घेऊन पोरीचे तळपाय तपासायला जायची. टाळ्या दोन्हीकडं मिळायच्या, मग चुकतंय कशाला वाटेल?

आणि माझी स्वतःची चाल? ती मी 'करारी' समजायची. व्हरांड्यात माझी चप्पल वाजली की चौथीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. आता विचार केला की कळतं, करारी वगैरे काही नव्हतं. नुसती आपटाआपट होती, आणि पोरं चपलेला भ्यायची.

तर ती करारी चाल एका सकाळी भांडगावच्या माझ्या स्वयंपाकघरात बसली. चहा गाळत होते. डाव्या हातातलं गाळणं सुटलं, ते उचलायला वाकले आणि डावा पाय म्हणाला, तू जा, मी इथंच बसतो. शेजारच्यांनी जीपमध्ये घातलं, दौंडला नेलं, तिथून पुण्याला. जीव वाचला, बोलणं वाचलं. बोलणं वाचलं याबद्दल घरात सगळ्यांनाच सारखा आनंद झाला असेल असं मी म्हणणार नाही. मग लेकानं मला शिरूरला त्याच्या फ्लॅटमध्ये आणलं.

लेक सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर. माणूस चांगला, पण घरीही मशीनसारखं बोलतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, सून वेळेवर सगळं हातात देते. तक्रार करायला जागा नाही, हीच माझी तक्रार. भांडगावला माझ्या ओट्यावर बसलं की गल्लीच्या तोंडाशी वळणारं माणूस मी नुसत्या चालीवरून ओळखते: हा कारखान्यावरून रिकाम्या हातानं आला, ही माहेरी भांडून आली. शिरूरच्या गॅलरीतून खाली बघितलं तर दिसतात नुसती टकलं आणि भांग. टकलावरून माणसाचं काय कळणार?

मला माझ्या घरी, माझ्या ओट्यावर जायचं होतं. बास, एवढंच.

लेक म्हणाला, "आई, बाबा गेल्यापासून तू तिथं एकटी. मॅडमनी ओके दिलं तर सोडतो. न्हाई दिलं तर विषय क्लोज."

"त्या पोरीचं वय काय? मी हिच्या आईला शिकवलं असंल."

"आई. ओके दिलं तर."

म्हणजे माझं घर आता त्या लाल पट्टीपलीकडं होतं.

पहिल्या खेपेला मॅडमनं मला आधी पलंगावर झोपवलं. "डावा पंजा वर उचला." मी जोर लावला, दात आवळले. पंजा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून राहिला. मग तो खुर्ची ते पट्टीचा प्रवास. मी पाय बाहेरून गोल फिरवत, जमीन झाडत गेले आणि आले. मॅडमनं मोबाइलवर वेळ लावली होती. मग म्हणाली, "आता चालता चालता भाज्यांची नावं सांगा."

ही कसली परीक्षा! उभ्या जन्मात मी न बोलता चालले नाही. "मेथी," म्हणाले आणि पाय थांबले. पाय हलवले तर मेथीच्या पुढं काही आठवेना. आयुष्यभर बाजार केलेली बाई मी, मेथीवर अडकून दवाखान्याच्या मधोमध उभी!

"बोलताना तुम्ही थांबता, आजी," मॅडम म्हणाली. "म्हणजे चालण्यावरच सगळं लक्ष लागतंय. आणि तो पंजा लटकतोय. बोटं कशात अडकली की पडाल. आत्ता एकटं राहायचं नाही. व्यायाम करा, पुन्हा बघू."

नापास. शाळेत मी कित्येकांना नापास केलं होतं, पण तो शब्द आतून कसा लागतो ते मला ठाऊक नव्हतं. बाहेर बाकावर पाटसचे एक मामा बसले होते, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, माझ्यासारखीच डावी बाजू गेलेली. त्यांनी काठी उजव्या हातात धरली होती. मी तिथंही शहाणपण सोडलं नाही. "मामा, आधार लुळ्या पायाला पायजे. काठी डाव्या हातात घ्या." मामांनी बिचाऱ्यांनी घेतली, दोन पावलं टाकली आणि मॅडम आतून ओरडत आली. "मामा! काठी चांगल्या हातात! कुणी सांगितलं तुम्हाला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

घरी आल्यावर मी व्यायाम केले, नाही असं नाही. पण डोकं दुसरीकडं चाललं होतं. पंजा लटकतो ना? मग तो वरून ओढून धरला तर? एके दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांतल्या एका परकराची नाडी मी ओढून काढली. नाडीचा फास डाव्या पायाच्या चवड्याला घातला, दुसरं टोक साडीच्या आतून वर घेतलं आणि कमरेशी निऱ्यांमधून बाहेर काढलं. उजव्या हातानं निऱ्या धरल्यासारखं करायचं आणि डावा पाय टाकताना नाडी ओढायची. पंजा बरोबर वर! न्हाणीघराचं दार लावून मी सराव केला. कळसूत्री बाहुली मीच आणि खेळवणारी पण मीच. फास दिसू नये म्हणून साडी पार खाली, फरशीला टेकेल अशी नेसायला लागले.

चाळीस पोरांच्या वर्गात कुणी शर्टाच्या बाहीत चिठ्ठी लपवली तर मी दारातून ओळखायची. ती मी, या वयात, साडीत कॉपी घेऊन परीक्षेला गेले. सून मला दवाखान्यात सोडून भाजी आणायला जायची, म्हणजे सुपरवायझर नव्हताच.

काय सांगू, झकास चालले! मॅडम मोबाइलकडं बघायची, माझ्याकडं बघायची. मग पुन्हा पलंगावर झोपवलं. (नाडी मी हळूच सैल सोडली.) "पंजा उचला." पंजा ढिम्म.

"हे मला कळत नाहीये," ती म्हणाली. "पलंगावर पंजा अजिबात उचलत नाही, आणि चालताना उचलतोय. आजी, साडी जरा वर घ्या बरं, घोटा दिसू दे."

"अगं बाई!" मी पदर सावरला. "तिकडं मामा बसलेत. परक्या पुरुषासमोर पोटऱ्या उघड्या टाकू का आता?"

मामा भिंतीकडं तोंड करून दोरी ओढत होते. त्यांना माझ्या पोटऱ्यांत रस असता तर व्यायाम तरी उत्साहानं केला असता. पण मॅडम लाजली. "सॉरी आजी. पुढच्या वेळी गाऊन घालून या, आणि घरातलं कुणीतरी सोबत आणा. मग फायनल सांगते."

मी घरी आले ती मनातल्या मनात भांडगावच्या चुलीवर पिठलं टाकूनच. आणि आठवलं, पोरींना बैठकीतल्या पुरुषांसमोर ओल्या पायानं चालायला लावताना मी कधी त्यांच्या लाजेचा विचार केला नव्हता.

फायनलला सून आली. ती मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत. कमी बोलणारी, शांत. ही सूनही मीच निवडलेली. दौंडला तिच्या वडिलांच्या क्वार्टरमध्ये बघायला गेलो होतो तेव्हा माझी फरशीची परीक्षा झाली होती, आणि गाडीत बसल्या बसल्या मी निकाल दिला होता, "पोरगी वळणाची हाय. पायाचं नखसुद्धा दिसू देत न्हाई. चालली तर फरशीवर पाऊल उमटलं न्हाई, एवढी हलकी." मला तो निकाल आजही तोंडपाठ, कारण चार लोकांत मी तो फार वेळा म्हणून दाखवलाय.

गाऊन मी 'विसरले' होते. मॅडमनं सुस्कारा सोडला, खुर्ची मांडली. मी उठले, उजव्या हातानं निऱ्या धरल्या, निघाले. पट्टी, वळण, परत. बसले. आता तर एका हातानं झोका दिल्यासारखी सवय झाली होती.

सून भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. साडीच्या काठाकडं बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्ही साडी फरशीला लोळवायला कवापासून लागल्या? पिको खराब होतो म्हणून मला ओरडता की."

"वजन उतरलंय. साडी खाली येती."

"व्हय का." ती मॅडमकडं वळली. "मॅडम, आमच्या आत्यांना चाल बघायची एक तपासणी येती. लई जुनी हाय. करायची का? पाणी लागंल थोडं."

मी पाय साडीखाली ओढून घेतले. मॅडमला वाटलं काहीतरी घरगुती उपाय असेल. तिनं उत्सुकतेनं पाण्याची बाटली दिली. सुनेनं खाली बसून माझे तळपाय ओले केले. फास तिच्या बोटांना लागला असणारच. तिनं वर बघितलं नाही. "चला आत्या. जरा चालून दाखवा."

मी चालले. दुसरं करणार काय? पट्टीपर्यंत जाऊन वळले आणि फरशीकडं बघितलं. एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. नुसता ओला फराटा. साडीचा काठ मागून सगळं पुसत आला होता.

"बघा मॅडम," सून म्हणाली. "पाऊलच न्हाई. साडी पुसती. मी पण असंच केलं होतं."

"कधी?" मॅडमनं विचारलं.

"मला बघायला आल्या होत्या तवा. माझा एक पाय बोटभर आखूड हाय, मॅडम. जन्मापासून. त्या पायानं मी टाच उचलून चालते. ओल्या पायानं चाल म्हणाल्या. टाच उमटली नसती तर लगीच कळलं असतं. मग आईनं आत नेऊन साडी सोडून खाली नेसवली. पाऊल टाकायचं आन् काठानं पुसत जायचं. आत्या म्हणाल्या, पोरगी वळणाची हाय."

मग भिंतीजवळून खर्रर्र आवाज आला. मामा हसत होते. त्यांचंही हसू एकाच बाजूनं फुटत होतं.

माझ्या डोक्यात मात्र एका मागोमाग एक चपला येत होत्या. लग्नापासून ही बाई नवी चप्पल घेतली की आधी चांभाराकडं नेते, आणि मी सगळ्यांना सांगत आले की आमची सून चिकट, कोऱ्या चपलेला आधीच तळ ठोकून घेते. एकाच चपलेला का, हा प्रश्न तज्ज्ञ बाईंना कधी पडला नव्हता. एवढी वर्षं ती माझ्यासमोरून रोज चहा घेऊन आली, आणि मी चहा गोड की अगोड एवढंच बघितलं.

"ती नाडी माझ्या परकराची हाय, आत्या," सून म्हणाली. "मी आठ दिवस परकर सेफ्टी पिनवर नेसतीय."

नाडी निघाली, साडी वर खोचली गेली, मामा असूनसुद्धा. पुन्हा ओले पाय, पुन्हा चाल. उजवं पाऊल नीट उमटलं. डावं पाऊल नव्हतंच. बोटांनी ओढलेली एक लांब रेघ होती, झाडूची काडी फिरवावी तशी. मी वाचली. मॅडमनंही वाचली, मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, आता ओरडेल. ती नाडी हातात घेऊन बघत बसली.

"आजी, कल्पना बरोबर आहे हो. पंजा वर धरून ठेवायचा, त्यासाठी स्प्लिंट असतं, बुटात घालायचं. पण हा फास सुटला असता किंवा पायात आला असता, तर थेट कमरेचं हाड. मला सांगितलं का नाही?"

"तू नापास केलंस ना."

"मी नापास नाही केलं. मी पडाल म्हणाले."



त्या दिवशी ओके मिळालं नाही. लेकाला घरी सगळं कळलं. "आई, हे सेफ्टी व्हायोलेशन हाय," म्हणाला आणि मान फिरवून बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. हसत होता की रडत होता कळलं नाही. मागून फक्त टक्कल दिसत होतं. सून म्हणाली, "भांडगावच्या पायऱ्यांना पाइप बसवून घ्या. जायच्याच हायेत त्या." त्यानं दोघींकडं बघितलं आणि वेल्डरला फोन लावला.

पुण्याहून स्प्लिंट आलं. पांढरं प्लास्टिकचं, पोटरीपासून तळव्यापर्यंत. साडीवर बूट घातले की मी अर्धी आजी आणि अर्धी पोलीस दिसते. त्यात पाय घालून, साडी खोचून, मी पुन्हा खुर्चीतून उठले, गेले, वळले, आले. या खेपेला मॅडमनं मोबाइल बाजूला ठेवून नुसती पावलं बघितली. मग अटी सांगितल्या. काठी उजव्या हातात. (मामा खाकरले.) पायरीला पाइप धरायचा. ओल्या फरशीवर पाऊल ठेवायचं नाही. पहिले काही दिवस घरातलं कुणी सोबत, नंतर शेजारची बाई झोपायला.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली, "चालताना बोलायचं नाही. बोलायचं असेल तर थांबायचं. किंवा बसून बोलायचं."

"हे लिहून द्या," लेक म्हणाला. "मोठ्या अक्षरात."

भांडगावला आमची गल्ली हायवेपासून आत. गाडी तोंडाशी थांबली, कारण आत पाण्याच्या पाइपलाइनसाठी खणून ठेवलं होतं. तिथून ओट्यापर्यंत चालत जायचं. काठी, बूट, मागं सून. बातमी आधीच पोचली होती; दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांत बाया उभ्या.

"आल्या व्हय बाई! कशा हाय तुम्ही?"

मी काठी टेकवली. डावा पाय टाकला. गप्प.

"अवो बाई, ओळखलं न्हाई का?"

ओळखलं होतं. लाकडाच्या ओंडक्यासारखी एका बाजूला कलत चालणारी ती एकटीच आमच्या गल्लीत. उत्तर पार ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि उजवा पाय टाकला.

"वाचा गेली जणू बाईंची," कुणीतरी हळहळलं.

"न्हाई मावशी," मागून सून म्हणाली. "मॅडमनी चालताना बोलायला बंदी केलीय."

"अगं मग लई चांगली मॅडम हाय ती! कुठं बसती? आमच्या सासूला न्यायचीय!"

गल्लीभर हशा. मी चालत राहिले. नव्या पाइपला धरून पायऱ्या चढले, ओट्यावर टेकले, श्वास घेतला, आणि मग एकेकीला नावानिशी उत्तर दिलं. ओंडक्याला सांगितलं की तुझा उजवा गुडघा गेलाय, शिरूरला जाऊन ये. एरवी हे मी तिच्या पाठीमागं सांगितलं असतं.

आत कुणीतरी माझ्या स्वागताला घर धुवून ठेवलं होतं. काळी फरशी आत वाळली होती, दारापाशी अजून चकचकीत ओली. अट म्हणजे अट. मी दारातच खुर्ची घेतली. सून चप्पल बाहेर काढून पाणी आणायला आत गेली. फरशीवर तिची पावलं उमटत गेली: एक पूर्ण, एक नुसता चवडा. एक पूर्ण, एक नुसता चवडा. माठापर्यंत आणि परत.

तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि मी काय बघतेय ते बघितलं. साडी खाली केली नाही.

"काय निकाल, आत्या?"

"पोरगी पसंत हाय," मी म्हणाले.

"पोरीला विचारा की, सासू पसंत हाय का."

"हाय का?"

ती पायाशी उंबऱ्यावर बसली. "फरशी वाळू द्या. मग सांगते."

माठाजवळची पावलं आधी वाळली, दारातली मागाहून. सगळी वाळल्यावर मी काठी घेतली, साडी तिला पावलं दिसतील अशी घोट्याच्या वर खोचली आणि तोंड मिटून आत गेले.